तोफ पोचत नाही, मग जिवधन नाणेघाट कसा राखायचा?

प्रश्न असा आला आहे: "नाणेघाटाच्या रक्षणासाठी जिवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे चार किल्ले होते, असं सगळीकडे वाचतो. पण जिवधनवर गेलो तर घाटाची नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, धड दिसतही नाही, तोफेचा मारा तिथवर पोचणं दूरच. बाकीचे तीन किल्ले तर घाटापासून कित्येक कोस आत. मग रक्षण म्हणजे हे किल्ले नेमकं काय करत होते? आणि खाली पायथ्याच्या वैशाखरे गावाच्या बाजूला एकही किल्ला का नाही?"

प्रश्न रास्त आहे. किल्ल्यांची मोजणी आणि डागडुजी हा माझा सत्तावीस वर्षांचा धंदा, पण सुरुवातीची काही वर्षं मीही याच प्रश्नात अडकलो होतो. जुन्नर भागाचा माझा पहिला नकाशा अजून घरी आहे. चारही किल्ल्यांभोवती लाल पेन्सिलीने नजरेच्या टप्प्याची वर्तुळं काढली होती. वर्तुळं एकमेकांत अडकल्यावर मला वाटलं, झालं, कोडं सुटलं. तो नकाशा घेऊन मी घाटमाथ्यावरच्या घाटघर गावी गेलो. ज्यांच्या ओसरीवर उतरलो होतो त्या म्हाताऱ्या बाबांना मोठ्या हौसेने तो दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ही तांबडी कडी कशाची?" म्हटलं, बाबा, गडावरून लादलेल्या बैलांचा तांडा कुठपर्यंत दिसेल त्याची. ते हसले. म्हणाले, "बघायला कशाला पायजे? बैल पान्यावर येतोयच की."

माझं उत्तर याच वाक्यातून सुरू होतं.

आधी तोफेचं निकालात काढू. जिवधनचा पश्चिम कडा आणि घाटमाथा यांच्यात साधारण दीड-दोन किलोमीटर अंतर आहे. त्या काळच्या किल्ल्यावरच्या तोफेने इतक्या लांबच्या अरुंद नाळेत चालणारा तांडा टिपणं शक्य नव्हतं. त्यात नाळेचा बराचसा भाग कड्याच्या पोटात, आडोशाला. शिवाय घाट तोफांपेक्षा फार जुना आहे. सातवाहन राणी नागनिकेचा लेख तिथल्या लेण्यात आहे, म्हणजे वाट निदान दोन हजार वर्षांची. किल्ल्यांवरची खोदीव टाकी आणि लेण्यांसारखी दालनं जुनी, तर आज दिसणारे बरेचसे तट, दरवाजे, कमानी बहमनी, निजामशाही आणि मराठी काळातल्या. म्हणजे वाट आधी, चिरेबंदी नंतर. "सातवाहनांनी बांधलेले किल्ले" हे विधान म्हणून जरा जपून करावं. डोंगर त्यांनी वापरला असेल, पण आपण ज्या दरवाजासमोर उभं राहून फोटो काढतो तो त्यांचा नव्हे.

आता तांड्याकडे या. किल्ला समजून घ्यायचा तर आधी बैल समजून घ्यावा लागतो. लादणीचा बैल पाठीवर गोणी घेऊन दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालतो. जास्त पळवला तर दुसऱ्या दिवशी बसतो. त्याला चरायला वेळ लागतो, रवंथ करायला लागतो, आणि पाणी तर लागतंच, तीस-चाळीस लिटर कुठे गेलं नाही. तीनशे बैलांचा तांडा धरला तर एका मुक्कामाला दहा हजार लिटर पाणी झालं. माणसांचं वेगळं. असा तांडा कल्याणहून निघाला की मुरबाड, टोकावडे करत पाच-सहा दिवसांनी वैशाखऱ्याला पोचणार. तिथून नाळेची चढण. मोकळ्या पाठीने आपल्याला दोन-अडीच तास पुरतात, लादलेल्या बैलाचा मात्र तिथे अख्खा दिवस जातो. नाळेत दोन तांडे समोरासमोर आले तर एकाला थांबावंच लागतं.

हे मी कल्पनेने सांगत नाही. १६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून जुन्नरला गेला होता. जाताना तो भलत्याच अवघड घाटाने वर चढला आणि हैराण झाला, परतताना नाणेघाटाने उतरला. त्या वेळी घाटात मिठाचे सुमारे तीनशे बैल वर येत होते, त्यांच्यासाठी त्याला खोळंबून राहावं लागलं. मोगल सरदाराचा पाहुणा असला म्हणून काय झालं, मिठाच्या बैलापुढे त्याचंही काही चाललं नाही!

माथ्यावर आल्यावर तांडा कुठे जाणार? घाटघरच्या पठारावर. तिथून जुन्नर तीसेक किलोमीटर, म्हणजे बैलाची दोन-तीन दिवसांची चाल. हा रस्ता कुकडी नदीच्या खोऱ्यातून जातो. आता नकाशावर वर्तुळं काढू नका, मुक्काम मांडा. पहिला मुक्काम घाटघर, डोक्यावर जिवधन. दुसरा कुकडेश्वराच्या देवळाच्या आसपास, पूर गावाच्या शिवारात. तिथे एका अंगाला चावंड, आणि थोडं पुढे नदीच्या पलीकडे हडसर. आज मधे माणिकडोह धरणाचं पाणी पसरलं आहे म्हणून हे खोरं डोळ्याला नीट कळत नाही. धरण नाही असं समजून बघा, मग दोन्ही किल्ले खोऱ्याच्या दोन काठांवर समोरासमोर बसलेले दिसतात. तिसरा मुक्काम जुन्नरची पेठ, आणि वर शिवनेरी. हे किल्ले घाटापासून "आत" आहेत अशी तुमची तक्रार आहे. ते आत आहेत, कारण राखायची होती ती नुसती नाळ नव्हे, माथ्यापासून पेठेपर्यंतची सगळी चाल. नाळेत तांडा लुटणं तसं सोपं नाही. बैल आणि माणसं अरुंद जागेत कोंबलेली, लुटलेली गोणी घेऊन पळायचं कुठे? खरा धोका मुक्कामावर असतो. गोण्या उतरलेल्या, बैल चरायला सोडलेले, माणसं थकून आडवी झालेली.

तिथे किल्ला काय करत होता? स्वतः काहीच नाही. वाट राखायची ती खालच्या चौकीवरची, मेटावरची माणसं. मेट म्हणजे गडाच्या खांद्यावर किंवा पायथ्याला, चढणीच्या तोंडाशी असलेली पहाऱ्याची वस्ती. आणि घेरा म्हणजे गडाभोवतीची गावं आणि रान. या भागात ती माणसं मुख्यतः महादेव कोळी. पायवाट न् पायवाट, टाकं न् टाकं त्यांना ठाऊक. कोणत्या ओढ्याला माघापर्यंत पाणी टिकतं आणि कोणता पौषातच आटतो, हे ज्याला माहीत त्याला तांडा कुठे उतरणार हे आपोआप माहीत. बाबांनी मला सांगितलं ते हेच.

पण चौकीवरचे पाच-दहा जण एकटे पडले तर त्यांना कोण जुमानणार? पंधरा हत्यारबंद राखणदार घेऊन आलेला व्यापारी जकात बुडवून सरळ पुढे जाईल. तो तसा जात नाही, कारण चौकीवाल्याच्या पाठीशी वर गड आहे. गडावर शिबंदी, म्हणजे पगारी सैनिकांची तुकडी आहे, दाणागोटा आहे, वर्षभराचं पाणी आहे, आणि ती शिबंदी उद्या सकाळी खाली उतरू शकते. तांडा पळू शकत नाही, बैलाची चाल आपण पाहिलीच. आज चौकी चुकवली तरी उद्याच्या मुक्कामावर चावंड आहे, परवा जुन्नरची वेस आहे. चार किल्ले कशाला, याचं उत्तर इथे आहे. एक किल्ला चुकवता येतो, तीन मुक्काम चुकवता येत नाहीत.

म्हणून किल्ला पाहताना मी तटापेक्षा कोठार आणि टाकी आधी बघतो. जिवधनवर चढलात तेव्हा ते दगडी कोठार पाहिलं असेल. बाहेरून पडझड झालेली, झुडपात दडलेली वास्तू, पण आत शिरलात की कमानीचं छत आणि कमळाचं कोरीव काम. भर दुपारीही आत विजेरी लागते. जमिनीवर राखेचा थर आहे. १८१८ च्या इंग्रजांबरोबरच्या लढाईत धान्य पेटलं, त्याची ही राख, असं गावात सांगतात. तपासल्याशिवाय मी त्यावर शिक्का मारणार नाही, पण कोठार धान्याचं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ओल येऊ नये म्हणून केलेली आतल्या खोल्यांची रचना आणि उजेड-वाऱ्याला दिलेली नकारघंटा पाहिली की कळतं. हडसरवर तर कोठ्या थेट कातळात खोदल्या आहेत, दाराशी गणपती. त्याच गडाची वाट बघा: पायऱ्या आणि दरवाजे बांधलेले नाहीत, डोंगर कापून काढलेले आहेत. वळण घेतल्याशिवाय दरवाजा दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा आपण दोन कातळभिंतींच्या मधे, वरून दगड टाकणाऱ्याच्या माऱ्याखाली उभे असतो. मी तिथे टेप लावून मोजणी करत होतो तेव्हा सोबतचा पोरगा वरून गंमत म्हणून खडे टाकत होता. एकही चुकला नाही. बाहेरून दुर्बिणीतून किल्ला "अभेद्य" वगैरे वाटतो, पण खरी हुशारी या पंधरा-वीस पावलांत आहे.

शिवनेरीवर सात दरवाजे, अंबारखाना म्हणजे धान्याचं कोठार, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव. फ्रायर तिथेही गेला होता. हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतका साठा गडावर असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. आकडा फुगवलेला असू शकतो, किल्लेदार पाहुण्याला कमी थोडंच सांगणार! पण त्याला काय दाखवावंसं वाटलं ते बघा. त्याला कोठार दाखवलं.

आणि साठा फक्त धान्याचा नव्हता. पंधराव्या शतकाच्या शेवटी मलिक अहमदने, म्हणजे पुढच्या निजामशाहीच्या संस्थापकाने, शिवनेरी घेतला तेव्हा गडावर पाच वर्षांचा वसूल साठवलेला सापडला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्या एका गडाच्या पैशावर त्याला पुढचे किल्ले घेता आले. वाटेवरची जकात, पेठेचा वसूल, खोऱ्याचा सारा, सगळं वर चढत होतं. चोराला तांडा लुटण्यापेक्षा गड लुटणं फायद्याचं होतं, पण तो गड होता ही अडचण.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर किल्ल्यांची आरती ओवाळल्यासारखं होईल. १६५७ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराजांच्या माणसांनी रात्री शिड्या लावून जुन्नर शहराच्या कोटावरून आत उड्या घेतल्या आणि तीन लाख होन आणि दोनशे घोडे घेऊन ते निघून गेले. शिवनेरी तेव्हा मोगलांकडे होता, डोक्यावर उभा होता, आणि त्याला खालची पेठ वाचवता आली नाही. किल्ल्याचा धाक चालतो तो हळू चालणाऱ्यावर. रात्रीत येऊन रात्रीत जाणाऱ्या घोडेस्वारापुढे तो बराचसा निरुपयोगी. आणि ज्या गडावर जन्म झाला तो शिवनेरी महाराजांना प्रयत्न करूनही मिळाला नाही, हेही त्याच नाण्याची दुसरी बाजू: चिकाटीने बसलेल्या शिबंदीकडून तो काढून घेणं तितकंच अवघड. मराठ्यांकडे तो आला अठराव्या शतकात.

हे किल्ले एक जुडगा म्हणून धरले जात याचा मला सर्वात पटणारा पुरावा म्हणजे १६३६ चा तह. निजामशाही संपली, शहाजीराजांनी किल्ले मोगलांच्या हवाली केले. त्या यादीत जुन्नर, जिवधन, चावंड, हडसर एकत्र आहेत, सोबत हरिश्चंद्रगड, त्र्यंबक, त्रिंगलवाडी. एक ठेवून दुसरा देण्यात अर्थच नव्हता. जाता जाता: याच किल्ल्यांचा तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. निजामशाहीचा बाल-वारस बहादूर चावंडला कैदेत होता, आणि शहाजीराजांनी १६३३ मध्ये पेमगिरीवर ज्या मुलाला गादीवर बसवलं तो जिवधनवरून आणलेला. पाणी आणि दाणा असलेली, चढायला एक-दोनच वाटा असलेली जागा दोन्ही कामांना चालते.

व्यापाऱ्याच्या बाजूने हे रक्षण कसं वाटत असेल? त्यासाठी अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याकडे जावं लागतं. १४७० च्या आसपास तो चौलला उतरून जुन्नरला आला. एकच घोडा विकायला आणला होता. पावसाळाभर तो जुन्नरातच अडकला. गडाचं त्याचं वर्णन नेमकं आहे: कोणी बांधलेला नाही, देवानेच केलेला खडक, आणि वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. तिथल्या असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल तर परत देतो, अशी अट घातली. एका खुरासानी माणसाने मधे पडून सोडवणूक केली. तेव्हा "वाटेचं रक्षण" हा शब्द मी नेहमी जरा हातचं राखून वापरतो. ज्याच्या हातात गड, त्याच्या हातात वाट. तो चोरापासून वाचवायचा, आणि त्याच्यापासून कोणी वाचवायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

माथ्यावरच्या त्या दगडी रांजणाबद्दलही विचाराल, म्हणून आधीच सांगतो. जकातीची नाणी त्यात टाकत, आणि म्हणून नाणेघाट, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. मला ती पटत नाही. उघड्यावरच्या रांजणात नाणी टाकून पुढे जाणारा व्यापारी आणि ती तिथे राहू देणारा वाटसरू, दोघेही मला कुठल्याच शतकात भेटलेले नाहीत. लेण्यातला लेखही यज्ञांचा आणि त्यात दिलेल्या दक्षिणेचा आहे, जकातीचा नाही. घाट चढून आलेल्या माणसाला आधी काय लागतं? पाणी. जवळच कातळात खोदलेली टाकी आहेत. रांजण पाण्याचा होता, असं माझं मत. वाद घालायला हरकत नाही.

आता पायथ्याला किल्ला का नाही. खाली वैशाखऱ्याला उभं राहून वर बघा. एकटा नाणेघाट नाही. शेजारी भोरांड्याचं दार, उत्तरेला माळशेज, दक्षिणेला दाऱ्या घाट, आणखी पुढे अहुपे. खालच्या तांड्याला पर्याय बरेच असतात. एका पायथ्याला किल्ला बांधला तर तांडा दुसऱ्या नाळेला लागेल. वर आल्यावर मात्र त्याला पाणी, चारा आणि पेठ या तिन्हींसाठी ठरलेल्या खोऱ्यात उतरावंच लागतं. जकातही तिथेच घ्यायला सोपी: चढण करून थकलेला माणूस परत खाली जात नाही. शिवाय पायथ्याच्या दमट रानात, उघड्या सपाटीवर शिबंदी वर्षभर ठेवणं म्हणजे माणसं आजारी पाडणं. दुसऱ्या वाटांच्या तोंडाशी किल्ले आहेत की: अहुप्याच्या खाली गोरखगड, माळशेजच्या बाजूला मोरोशीचा भैरवगड. पण ते सुळक्यांवरचे छोटे ठाणे-वजा गड. मोठी शिबंदी आणि साठा वरच. आणि एवढ्या नाळा उघड्या असल्यामुळेच जकात फार चढवताही येत नसणार. एका घाटावर हात जड केला की माल शेजारून जातो. हा माझा तर्क, पण डोंगर पाहून केलेला.

धुक्याचा मुद्दाही राहिला. पावसाळ्यात नाणेघाटावर हाताचं बोट दिसत नाही, धबधबा वाऱ्याने उलटा वर उडतो. मग पहारा कसा? नसेच फारसा. ज्येष्ठ सरला की लादणी बंद, ती दसरा-दिवाळीनंतर परत सुरू. निकितिन अडकला तो यामुळेच. ते चार महिने गडावरची माणसं शाकारणी, टाक्यांचे पाट साफ करणं आणि तटातून उगवलेली झाडं उपटणं या कामांत. आज ते शेवटचं काम कोणी करत नाही, आणि तोफेने पडला नाही इतका तट पिंपळाने पडतो आहे.

इंग्रजांनी हे सगळं नीट ओळखलं होतं. मे १८१८ मध्ये मेजर एल्ड्रिजच्या फौजेपुढे चावंड आणि जिवधन थोड्या माऱ्यानंतर पडले. उखळी तोफांचे गोळे वरून आत पडायला लागल्यावर कड्याचा उपयोग उरला नाही. पण ताबा मिळाल्यावर त्यांनी सुरुंग लावले ते मुख्यतः पायऱ्यांना. जिवधनची जुन्नरकडची वाट आणि चावंडची वाट चढताना हात टेकावे लागतात, ते त्यामुळे. वर पाणी राहू दे, कोठार राहू दे, फक्त चढता-उतरता येऊ नये, की मेटावरच्या माणसाच्या पाठीशी काही उरत नाही. घाट त्यानंतरही वापरात होता. तो ओस पडला १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाल्यावर आणि १८६३ मध्ये तिथून रेल्वे वर चढल्यावर. मिठाची गोणी आगगाडीत बसली.

२०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात शिवनेरी आहे. जिवधन, चावंड, हडसर नाहीत. आनंद आहेच, पण पेठेचं कुलूप घेतलं आणि वाटेच्या कड्या बाहेर राहिल्या, असं मला वाटतं.

तुम्ही पुन्हा जाणार असाल तर जिवधनपासून सुरुवात करू नका. पौषात किंवा माघात वैशाखऱ्याहून पाठीवर पंधरा किलो घेऊन नाळ चढा, पहिली रात्र घाटघरला काढा, दुसरी कुकडेश्वरापाशी. बाटली एकच ठेवा, आणि ती कुठे कुठे भरावी लागली तेवढं वहीत लिहून आणा.